तारेचा ताण
ग्रीसचा वास आला की काष्टीजवळची तापलेली पत्र्याची शेड आठवते. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. विमानदलातून निवृत्त झालेले माझे दाजी तिथं परदेशातून मागवलेले सुटे भाग जोडून दोघांपुरतं विमान बांधत होते. शेपटीकडे जाणाऱ्या तारा मी आवळल्या, उसाच्या गाडीचा दोर आवळावा तशा करकचून. दाजींनी विमान चालवायचा दांडा हलवून पाहिला. तो फार जड चालला. "मोळी न्हाई बांधायची," ते हळूच म्हणाले, "वर गेल्यावर हात अडंल माझा." त्यांनी तारा माझ्याकडूनच बेताच्या सैल करून घेतल्या आणि म्हणाले, "पहिल्या उड्डाणाला मागं तू बसायचं. ज्यानं तार आवळली, त्यानं." मी उठलो आणि प्रत्येक तार पुन्हा तपासली. आजही नातवाच्या सायकलचा ब्रेक आवळला की पहिली चक्कर मीच मारतो.