श्रावणमामाने मोजलेला वारा

ढगांखाली उतरल्याबरोबर ती धावपट्टी दिसायची: गर्द हिरव्या दरीच्या तळाशी, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखी करडी, आणि इतकी अरुंद की पापणी लवताच हरवून जावी. इंजिनाची घरघर मंदावलेली, पंखांखालून सूचिपर्णी वृक्षांचे शेंडे मागे सरकत असलेले, आणि सभोवती अथांग, निर्मनुष्य शांतता. तुम्ही म्हणाल, ही बाई कुठल्या हिमाच्छादित देशाची सफर करून आली? नाही हो! मी बसले होते गोंदियाजवळच्या कुडव्यात, माझ्या संगणक वर्गातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी. विमान संगणकातले, दरीही संगणकातली. छातीतली धडधड तेवढी माझी स्वतःची होती.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची ही गोष्ट. माझे बालपण कामठ्याला गेले. तिथून जवळच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली एक धावपट्टी आहे. आमच्या लहानपणी तिच्यावर गुरे निवांत रवंथ करीत बसत. पुढे तिथे शिकाऊ वैमानिकांची चिमुकली विमाने घिरट्या घालू लागली, आणि मनात दडलेली एक जुनी आस अचानक जागी झाली. पण पस्तिशी ओलांडलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या शिक्षिकेला विमान कोण देणार? म्हणून मी विमान चालवण्याच्या खेळाची सीडी आणली आणि संध्याकाळी विद्यार्थी गेले की आकाशात जाऊ लागले.

मोठ्या विमानतळांवर उतरणे सोपे असते. तिथे कुणीतरी रेडिओवरून वाऱ्याची दिशा सांगते. दूरच्या डोंगरांतल्या धावपट्टीवर मात्र सांगणारे कुणी नसते. वारा समोरून असेल तर तो विमानाला अलगद झेलतो; पाठीमागून असेल तर तोच निर्दयपणे पुढे ढकलतो. एक कळ दाबली की पडद्याच्या कोपऱ्यात वाऱ्याची सारी माहिती उमटे, पण ती दाबायची नाही असे मी ठरवले होते. जे विमानाला कळते ते मला का कळू नये? या हट्टापायी आठवडाभर रोज मी धावपट्टी ओलांडून थेट झाडांत घुसत होते.

त्याच आठवड्यात श्रावणमामा आला. माझ्या आईचा धाकटा भाऊ. सडक अर्जुनीकडच्या रानात त्याने आयुष्यभर वनमजुरी केली; उन्हाळाभर टेकडीवर बसून वणव्यावर नजर ठेवायची, हे त्याचे मुख्य काम. एक डोळा त्याने ऐन उमेदीत गमावला होता, आणि आता दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेसाठी मी त्याला बोलावून घेतले, पण रुग्णालयात जायची वेळ झाली की तो म्हणे, "आज नको, पोरी. उद्या जाऊ." असे चार दिवस गेले. एकट्याला घरी कसे ठेवायचे, म्हणून संध्याकाळी मी त्याला वर्गावर घेऊन येई. तो माझ्या मागे खुर्चीवर, काठी मांड्यांवर आडवी ठेवून, पडद्याकडे तोंड करून बसे.

चौथ्या संध्याकाळी माझे विमान पुन्हा झाडांत घुसले, तेव्हा मागून आवाज आला, "सुजाता, वारा कोनीकडून येऊन रायला?"

"तेच तर समजत नाही, मामा."

"मंग उतरायची घाई कायले करतं?"

मी वळून त्याच्याकडे पाहिले. मामा म्हणाला, "उतरू नको. पट्टीवरून सरळ जाऊन दाखव. मंग तशीच परत ये. गाडीचा जोर मात्र एकच ठेव, कमी-जास्त करू नको."

मी वेगाचा काटा स्थिर धरला आणि धावपट्टीच्या वरून पूर्वेकडे गेले. मागे मामा पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता. वळून पश्चिमेकडे आले. पुन्हा तेच मोजणे.

"जातानी अठरा झाले, येतानी अकराच," तो म्हणाला. "जातानी वारा तोंडावर होता. आनि पट्टी तुझ्या डाव्या हाताले सरकून रायली होती, म्हंजे तो डावीकडूनही ढकलून रायला. पूर्वेकडं तोंड करून उतर, नाक थोडं डावीकडं ठेव."

किती साधे, किती निखळ गणित! काटा तोच, अंतर तेच. मग वेळ जास्त लागला तर वाटेत कुणी अडवले? मी पश्चिमेकडून आत शिरले, विमानाचे नाक किंचित डावीकडे धरले, आणि आठवडाभर मला हुलकावणी देणारी ती जमीन अशी अलगद चाकांखाली आली की मी खुर्चीतून उठून टाळ्याच वाजवल्या. मामा नुसता हसला.

"हे कुठे शिकलास?" मी विचारले, आणि त्या संध्याकाळी त्याने त्याच्या गेलेल्या डोळ्याची हकिकत मला पहिल्यांदाच सांगितली. मोहफुले वेचण्यासाठी कुणीतरी झाडाखालचा पाचोळा पेटवला होता, आणि आग डोंगर चढत आली. मामासोबत तिघे मजूर होते. तिघेही पलीकडच्या उताराने पळत सुटले. मामाने ओरडून त्यांना थांबवले. मूठभर माती उधळली. पुन्हा उधळली. तिसऱ्यांदा उधळली, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की वारा फिरला आहे; ते पळत होते त्याच बाजूला आता आग वळणार होती. त्याने तिघांना वारा जिकडून येत होता त्या बाजूला नेले, जिथे ज्वाळा गुडघ्याइतकीच होती, आणि ती ओलांडून जळून विझलेल्या काळ्या जमिनीवर उभे केले. तिघेही वाचले. ओलांडताना एक निखारा उडून मामाच्या डोळ्यात गेला.

"तिघंही मले शिव्या देऊन रायले होते," तो म्हणाला, "का हा माती कायले उधळते, म्हनून."

मला भरून आले, आणि त्याच भरात मी बोलून गेले, "एवढ्या आगीतून गेलास, आणि डॉक्टरला भितोस?"

"भितो त," मामा शांतपणे म्हणाला. "तवा दोन डोरे होते. आता एकच उरला, माय. तो गेला त मंग का पाहू?"

भय नाकारणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. भयाला नावानिशी ओळखणारा मामासारखा माणूस विरळाच. मी त्याचा हात हातात घेतला आणि खोटा धीर दिला नाही. म्हटले, "मीही भिते. पण मी बाहेर बसून राहीन, हलणार नाही." तो काठी टेकून उठला. "सकारी लवकर उठव," म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर बसून राहिले. मोतीबिंदू फार पिकला होता, डॉक्टरांना अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागला. पट्टी सोडली तेव्हा मामा आधी माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुझे केस पांढरे होऊन रायले, पोरी." मी हसले, रडले, दोन्ही एकदमच केले.

आठवड्याने, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, तो स्वतःहून म्हणाला, "चाल, तुझं विमान दाखव." मी तीच दरी, तीच धावपट्टी उघडली. मामा पुढे झुकला, डोळा बारीक करून पाहू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर निर्मळ आश्चर्य पसरले.

"हे विमान होय का? आनि हे पानी, हे झाडं?"

"म्हणजे? त्या दिवशी दिसले नव्हते?"

"छे! मले कोठचं दिसते?" तो म्हणाला. "हिरव्या अंधारात एक पांढुरकं सरकून रायलं होतं, बस्स. तेवढंच मोजलं."

चष्मा लावलेल्या दोन्ही डोळ्यांनी मी नद्या पाहिल्या, शिखरे पाहिली, ढगांच्या कडा पाहिल्या, आणि वारा तेवढा पाहिला नाही. मामाने आता माऊसवर हात ठेवला होता. "थांब," तो म्हणाला, "आधी मले हे सारं पाहू दे." मी उठले आणि माझी खुर्ची त्याला दिली.