आबांच्या मिशीचा केस

आबांची मिशी म्हणजे आमच्या सांगलीच्या कॉलेजातली सर्वांत शिस्तीची वस्तू! प्रयोगशाळेत बाटल्या एक वेळ कशाही राहतील, पण मिशीचा केस इकडचा तिकडे नाही. आबा मूळचे कुंडलचे. साखर कारखान्यात, जिथे पाकाचा दाणा पाडतात तिथे, त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे शिपाई म्हणून आले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याची, पीएच.डी.साठी आलेली. टोमॅटोवर रोग आणणाऱ्या विषाणूच्या प्रथिनाची रचना मला शोधायची होती. त्यासाठी स्वच्छ स्फटिक हवा. त्यावर क्ष-किरण सोडले की फिल्मवर ठिपके उमटतात, त्यांवरून आतली मांडणी कळते. माझ्या बाटल्यांत मात्र नुसता गाळ! "दिवाळीपर्यंत स्फटिक दाखवा, नाहीतर विषय बदला," माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं. मी रडकुंडीला आले.

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची आबांना दांडगी हौस. "बाई, बाटली सारखी हलवताय कशापायी? दाण्याला निवांत बसू द्या की!" एका बाटलीत धुळीएवढे कण होते. मी ते फेकायला निघाले, तर हे आडवे आले.

"आवं, हेच बी हाय! आमी पाकात पिठीसाखर सोडायचो, तिच्यावरच दाणा वाढायचा."

साखरेला कळतं ते माझ्या प्रथिनाला का कळू नये? मी उडालेच! पण एवढासा चुरा प्रथिनाच्या नव्या थेंबात न्यायचा कसा? सुई जाड, काचेची काडी त्याहून जाड. आबांनी डोळे मिटले आणि कचकन मिशीचा केस उपटला.

"घ्या. पर कुनाला सांगू नगा."

केस स्पिरिटने धुतला, चुऱ्यात टेकवला, थेंबातून ओढला. थेंब झाकून कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली आबांनी स्वतःच्या खिशात टाकली आणि आठवडाभर मला तिकडे फिरकू दिलं नाही. मग सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मी किंचाळलेच! केस गेला होता त्या रेषेवर धारदार कडांचे, लखलखीत स्फटिक! आबांनी डोळा लावला. "लय झ्याक! एक नंबर दाणा!" सरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

पुढचं क्ष-किरणांचं काम बंगलोरला होतं. एसटीच्या खिडकीतून आबांनी एक पुडी दिली.

"प्रसाद का, आबा?"

"न्हाई. तिकडं अडलं तर कुनाच्या तोंडाकडं बघशीला?"

आत पाच-सहा केस. मिशीची डावी बाजू चक्क विरळ दिसत होती.

बंगलोरच्या फिल्मवर ठिपके उमटले! रचना पुरी व्हायला मात्र वर्षं लागली, आणि तोवर आबा गेले. शोधनिबंधात त्यांचे आभार मानले. मिशीचा उल्लेख टाळला. पुडीत अजून एक केस आहे. कितीही अडलं तरी तो वापरायला माझा हात धजत नाही.

आज पहिल्यांदाच हे सगळ्यांना सांगतेय. रागावू नका, आबा.