आठवीतला अणू

आठवीत अणूच्या धड्यावरून माझी करंगळी मोडली आणि विज्ञानाच्या सरांचं डोकं फुटलं.

शाळा राजूरची. बाबा तिथल्याच कोळसा खाणीत. सर शिकवायचे जीव तोडून, पण त्यांचा हातही लवकर उठायचा. आधी त्यांनी सांगितलं, अणू म्हणजे भरीव गोळा, तो फुटतच नाही. पुढच्या तासाला तोच अणू टरबूज झाला. गर धनप्रभाराचा, त्यात बियांसारखे इलेक्ट्रॉन रुतलेले. मग म्हणाले, शास्त्रज्ञांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, तर बहुतेक आरपार गेले आणि एखादाच उलटा फिरला. म्हणजे अणू जवळजवळ पोकळ, मधोमध एवढंसं केंद्रक.

मी उभी राहिले. "सर, मंग गोळा अन् टरबूज खोटंच शिकवलं काय आमाले?"

वर्ग खदखदून हसला. सरांचा चेहरा लाल झाला.

"मले शिकवून राह्यली का तू?"

पहिली थप्पड कानावर बसली. मग लाकडी पट्टी. तोंड वाचवायला मी हात वर केले, तर पट्टी बोटांवर आली. करंगळीतून कडकन आवाज आला. तरी ते थांबले नाहीत. पट्टी तुटली तेव्हाच थांबले.

त्याच रात्री करंगळीला प्लास्टर लागलं. दुसऱ्या दिवशी खाणीतली पाळी संपवून बाबा मला घेऊन थेट वर्गात शिरले. अंगावर कोळसा तसाच.

"सवालच इचारला ना तिनं? काहून मारलं बे?"

सर काही बोलायच्या आत बाबांनी त्यांची कॉलर धरली आणि डोकं फळ्यावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. फळ्यावर काढलेल्या केंद्रकावरून रक्ताचा ओघळ खाली आला. खरं सांगते, पहिल्या आपटण्याला मला बरं वाटलं. मग सरांचे डोळे फिरले.

"बाबा, सोडा! मरन तो!"

मी मध्ये पडले तर बाबांनी मलाही ढकललं. प्लास्टरचा हात बाकावर आदळला, मी किंचाळले, आणि त्या किंचाळण्यानेच ते भानावर आले.

शाळेनं ठाण्यात कळवलं. पण सर आणि बाबा, दोघांनीही तक्रार नोंदवली नाही.

सर परत आले ते कपाळावर टाके घेऊन. माझ्याकडे न बघता त्यांनी इलेक्ट्रॉनच्या ठरावीक कक्षा शिकवल्या. मग म्हणाले, "ह्या कक्षाही पुढं टिकल्या नाहीत. आता म्हणतात, इलेक्ट्रॉन ढगासारखा पसरलेला असतो. आधीचे शास्त्रज्ञ खोटं बोलत नव्हते. तेव्हाच्या प्रयोगांतून जेवढं कळलं, तेवढं त्यांनी मांडलं."

खडू ठेवून ते माझ्याकडे वळले. "तुझा प्रश्न बरोबर होता. मले त्याचा राग आला, हे चूक."

घरी बाबांना ते शब्द जसेच्या तसे सांगितले. ते जेवत होते. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"मले आधी सांगितलं असतं त्यानं, तं म्या हात उचलला नसता," एवढंच म्हणाले, आणि ताट बाजूला सारून बाहेर जाऊन बसले.