उंच पोरीचा गुडघा

आमच्या शाळेतल्या मराठीच्या गुरुजींनी एकदा सांगितलं, की ‘उंच’ हा शब्द संस्कृतातल्या ‘उच्च’वरून आला. लोकांच्या तोंडात घोळता घोळता त्यातला एक ‘च’ झिजला आणि त्या जागी अनुस्वार येऊन बसला. हे मी मागच्या बाकावरून ऐकत होते. अभ्यासात कच्ची होते म्हणून मागे नव्हते, पुढे बसले की मागच्यांना फळा दिसत नसे म्हणून. या दोन शब्दांच्या वाटणीत पुढे काय झालं ते गुरुजींनी सांगितलं नाही. ते मला आपोआप कळत गेलं. ‘उच्च’ने शिक्षण घेतलं, न्यायालय घेतलं, कुळ घेतलं, रक्तदाबसुद्धा सोडला नाही. ‘उंच’च्या वाट्याला झाडं आली, भिंती आल्या आणि साखरा गावची मी आले.

पुरुष उंच असला की तो ‘उंचापुरा’. साडी भारीतली असली की ती ‘उंची’. पोरगी उंच असली की ती ‘ताडमाड’. आमची सगळी कोरडवाहू जमीन, माड बघायचा तर समुद्राकाठी जावं लागतं, आणि आमच्या गल्लीतली बहुतेक माणसं औंढ्याच्या देवळापलीकडे गेलेली नव्हती. तरी न पाहिलेल्या झाडासारखी मी दिसते हे सांगताना कुणाची जीभ अडखळत नसे. फडताळावरचा डबा काढायचा असला, शेवग्याच्या शेंगा तोडायच्या असल्या, पत्र्यावर गेलेला चेंडू हवा असला, की मात्र माझी उंची गावाला बराबर वाटायची. काम झालं की परत ताडमाड.

ही उंची मी मायकडून घेतली. बाबा उंचीने मायच्या कानापर्यंत येत. त्यांच्या लग्नात बाबांना पाटावर पाट ठेवून उभं केलं होतं आणि मायला नुसत्या जमिनीवर. हा किस्सा बाबाच हसून सांगायचे, माय तेव्हा चुलीत काहीतरी सारत असायची. लग्नापासून ती वाकून चालायला लागली ती लागलीच. घराचं दार बुटकं हे एक निमित्त होतं, पण ती शेतातही वाकूनच चालायची, जिथे डोक्याला लागायला आभाळाशिवाय काही नव्हतं.

मी न्हातीधुती झाले तसा माझाही अभ्यास सुरू झाला. “खांदे पाड. मान खाली घाल. वाकून चाल, बाई,” माय म्हणायची. तिच्या मागून पाण्याला जाताना मला तिची कमान झालेली पाठ दिसायची. मला लग्नाची भीती नव्हती. मला त्या पाठीची भीती होती.

बारावी झाले आणि मला पाहायला पाहुणे येऊ लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमच्या घरी टीव्हीही आला होता, पण पाहण्याची रीत जुनीच होती. चहा-पोहे, नाव-गाव, स्वयंपाकाची चौकशी, आणि शेवटी ‘जोडा पाहणं’. म्हणजे पोराला आणि पोरीला शेजारी शेजारी उभं करायचं आणि सगळ्यांनी भिंतीचा ओळंबा तपासावा तसे डोळे बारीक करायचे. माझं घोडं तिथेच अडायचं. “पोरगी गुणाची हाय, पण उंच हाय,” असा निरोप यायचा. गुण आणि उंची एका जागी राहू शकत नाहीत हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

कनेरगाव नाक्याचं स्थळ आलं तेव्हा मायने आधीच बेत केला. रस्त्यावर त्यांचा चालता ढाबा होता, पोरगा एकुलता एक. पाहुणे यायच्या आधीच मला सतरंजीवर बसवायचं आणि ते जाईपर्यंत उठवायचंच नाही. कुणी विचारलं तर गुडघ्याला मार लागलाय. माझ्या धडधाकट गुडघ्याला तिने हळद-चुना लावून वर फडकं बांधलं. बाबांनी गाठ तपासून पाहिली आणि “बराबर हाय” म्हणाले.

पाहुणे आले. पोरगा, त्याची आई आणि मध्यस्थ. आमच्याकडे बूट बाहेर काढल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. पोरगा बुटासकट आत आला. टाच अशी जाड, की तो जमिनीच्या जरा वरूनच चालत होता. बाबांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, “पायाला लागलंय त्याच्या. सूज हाय, बूट निघून न्हाई राहिला.”

“आमच्या लेकराचा बी गुडघा दुखून राहिला,” माय म्हणाली.

दोन्ही घरांना एकमेकांची मनापासून दया आली. खरं तर एवढ्यावर लग्न ठरायला हरकत नव्हती. दोन्हीकडचे लंगडे, दोन्हीकडे हळद. पण माझी माय खोटं बोलत असली तरी पाहुण्याचं दुखणं तिला खोटं वाटेना. घरी आलेला माणूस दुखऱ्या पायाने परत जातो म्हणजे काय. तिने उरलेला लेप वाटीत गरम केला आणि पोराच्या पायाशी येऊन बसली.

“काढा बूट. आत्ता आराम पडंल.”

“न्हाई, राहू द्या मावशी.”

“काहून राहू द्या? लाजून दुखणं जात असतं व्हय?”

पोराने आईकडे पाहिलं. आई उलट माझ्याकडे वळली. “आधी पोरीचं पाहू द्या. मला गुडघ्याचं कळतं. ऊठ बरं बाई, पाय टेकून दाखव.” आणि तिने माझ्या काखेत हात घालून मला उठवलंच. तिकडे मायने बूट ओढून काढला होता. आत पाय होता, गोरा, गुळगुळीत, सुजेचा मागमूस नसलेला. पोरगा घाईने उभा राहिला, एका पायात बूट आणि एका पायात नाही, त्यामुळे तो एका बाजूला उंच आणि एका बाजूला खरा दिसत होता. खऱ्या बाजूने तो माझ्या खांद्याला आला.

माझे खांदे सवयीने पडायला लागले. मान आपोआप खाली गेली.

“पोरगी उंच हाय,” त्याची आई म्हणाली. झाल्या प्रकाराचा सगळा दोष त्या एका शब्दात तिने व्यवस्थित भरला.

बाबा खाली पडलेल्या बुटाकडे पाहत होते. मला वाटलं, आता पाटावर पाट निघणार. त्यांनी तो बूट उचलला, टाच बोटांनी दाबून पाहिली आणि पोराच्या पुढ्यात नीट ठेवला.

“हाय उंच,” ते म्हणाले. “कुणाला काय तकलीफ हाय त्याची?” आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू वाकू नको.”

जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी हे सांगत होतं, आणि ज्यांच्यासाठी घरात वाकायची रीत पडली, तेच सांगत होते. मला रडू आलं. मी गुडघ्याचं फडकं सोडलं आणि सरळ उभी राहिले.

पाहुणे चहा न घेता गेले. त्यांची जीप जाईपर्यंत माय दारात वाकून उभी होती. मग आत येऊन तशाच भरलेल्या कपबशा गोळा करायला लागली. बाबा बाजेवर बसून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. हसून किस्से सांगणारा तो माणूस तेव्हा हसत नव्हता.

“तू बी हो की आता सरळ,” ते म्हणाले.

मायने हातातल्या बशा खाली ठेवल्या. कमरेवर हात देऊन ती वर होऊ लागली. अर्ध्यावर थांबली. पुन्हा एकदा जोर करून पाहिला.

“न्हाई व्हत आता,” ती म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.