‘आम्हाला झोप नाही’ असं म्हणालं कोण?

एकाहत्तरचं युद्ध संपलं आणि लोणावळ्याच्या आमच्या शाळेला देशभक्तीची उबळ आली. टाकवे बुद्रुकच्या एका शेतकऱ्याचा मुलगा नौदलात कमांडर होता आणि युद्धात त्यानं नाव काढलं होतं. तो रजेवर आला की त्याचा सत्कार करायचं ठरलं. तो आमच्या शाळेत कधीच शिकला नव्हता. पण असल्या क्षुल्लक कारणानं सत्कार अडत नाहीत.

मानपत्र हेडमास्तरांनी स्वतः लिहिलं. त्यात मधोमध ते वाक्य होतं, जे तेव्हा बाजारात, स्टेशनवर, जिथे तिथे ऐकू यायचं: ‘हा माणूस दर्यावर असला की आम्हाला झोप नाही.’ म्हणे शत्रूच्या आरमारप्रमुखाचे उद्गार.

मी इतिहास शिकवायची. विचारलं, “हे तो कुणाला म्हणाला, सर?”

“इतिहास तुमचा विषय. शोधा तुम्हीच.”

हेडमास्तरांना ते वाक्य तुंगार्लीच्या बंगल्यात राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे गेले. आवाज खाली आणून ते म्हणाले, “आतल्या गोटातली बातमी आहे, बाई.” चहा होईपर्यंत कळलं की आतला गोट म्हणजे त्यांचा गवळी. तो टाकव्याचाच. रोज सकाळी जवळच्या कान्हे स्टेशनवरून गाडीनं दूध घेऊन यायचा.

दुसऱ्या दिवशी त्याला प्राध्यापकांच्या फाटकातच गाठलं.

“म्या दुश्मनाचं नाव बी घेतलं न्हाई,” तो घाबरून म्हणाला. “सायेबांनी इचारलं, तुमच्या कमांडरबद्दल काय म्हंत्यात? म्या सांगितलं, म्हंत्यात, तो दर्यावर असला का आमाला झोप न्हाई.”

“कोण म्हणतं?”

“त्याची वैनी.”

प्राध्यापक मागेच उभे होते. जराही न ओशाळता म्हणाले, “पण झोप शत्रूचीच उडणार ना? दुसऱ्या कुणाची उडेल?” तर्कशास्त्र शिकवायचे ते.

रविवारी मी टाकव्याला गेले. वहिनी अंगणात वाल पाखडत होत्या. वाटेत मी मनाशी सगळं रचून ठेवलं होतं: दिराच्या काळजीनं तळमळणारी भावजय, डोळ्यांत पाणी. हेडमास्तरांना हसायचा मला काय अधिकार होता!

“व्हय, मीच म्हन्ले,” वहिनी म्हणाल्या. “भावजींनी मागल्या सुट्टीत रेडू आनला. लढाई लागली आन् सारा गाव आमच्या वसरीत. रेडूवरच्या बातम्या संपल्या तरी कोन उठंना. भावजी तिकडं दर्यावर, आन् हितं मी च्या करतीया. झोप कवा घ्यायची, सांगा?”

मला हसू आवरेना. त्याही हसल्या. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, “आपलं एक जहाज बुडालं म्हनून सांगितलं, त्या राती मातूर कुनी च्या मागितला न्हाई. बुडालं त्ये भावजींचं न्हाई म्हनून कळंस्तवर सारी जागच्या जागी बसून व्हती. आमचं मालक तर रेडूला हात लावून बसलं.”

परत येऊन मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मानपत्र छापून आलंय.”

सत्काराला कमांडर पांढऱ्या गणवेशात आला. वहिनी बायकांत पुढे बसल्या होत्या. हेडमास्तर ते वाक्य वाचून टाळ्यांसाठी थांबले, तेव्हा व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेल्या कमांडरनं हळूच विचारलं, “असं कोण म्हणालं हो? आम्हाला तर कुणी कळवलं नाही.”

मी सांगितलं. तो तोंडावर रुमाल धरून इतका हलायला लागला की हेडमास्तरांना वाटलं, गहिवरला.

उत्तरादाखल तो एवढंच बोलला: “युद्धात सगळ्यात जास्त जागरण आमच्या वहिनींनी केलं. त्यांनी गावाला पाजलेल्या चहाबद्दल मी आभारी आहे.”

सभेला काही कळलं नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, “बगा, समद्यांम्होरं काय बोलतंय त्ये!”