कणकेच्या डब्यातली कॅसेट

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

"बाजू संपू दे," एवढं म्हणून बाई हात वर करायच्या, तळहात माझ्याकडे. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. दूधवाला दारात असो, कुकर शिट्ट्या मारो, हात वरच.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये त्या एकट्या राहायच्या, ऑफिसात नकाशे काढायच्या. मी भांडी, झाडू, फरशी करायचे. त्यांच्याकडे गाणी नव्हतीच, नुसती गिटार. एक जॅझची कॅसेट. तिच्यात वाजवणारा चाल सोडून भटकायचा आणि अचानक परत यायचा. एक परदेशी खेड्यातल्या चालींची. ती ऐकून मला धानाच्या रोवणीला गाणाऱ्या बाया आठवायच्या. तिसऱ्या कॅसेटमध्ये वाजवणारा गिटारीचं लाकूडच ठोकायचा, तारा घासायचा.

खरं सांगते, मी जळायचे. अर्धा तास डोळे मिटून खुर्चीत बसणारी बाई मी दुसरी पाहिली नव्हती.

तिसरी कॅसेट माझी आवडती. आरमोरीकडे आमच्या गावामागं वाऱ्यात बांबू एकमेकांना घासतात, अगदी तसं. पण हे बाईंना सांगायची हिंमत नव्हती.

मग शेजारच्या साहेबांची बायको यायला लागली. बाई तिला आपली खुर्ची द्यायच्या.

"हे काय वो बाई, सुतार बसवला का घरात?" ती मधेच हसायची.

तिच्यासाठी बाईंचा हात कधी वर गेला नाही. उलट समजावत बसायच्या. एक दिवस तीच तिसरी कॅसेट दाखवून म्हणाल्या, "उद्या घेऊन जा, घरी शांत ऐका."

माझा जीव जळला. रिकामी डबी फळीवर तशीच ठेवली आणि उघडी कॅसेट कणकेच्या डब्यात खुपसली. बाई तीन दिवस शोधत होत्या. चौथ्या दिवशी पोळ्यांसाठी डब्याच्या तळातली कणीक काढताना ती त्यांच्या हाताला लागली. कॅसेट लावून पाहिली तर आधी किरकिरली, मग आतली फीत तुटली.

"तू ठेवली?"

"हो बाई."

"काऊन?"

"त्यायले देऊ नये म्हणून. त्यायले कळत नाई ते."

"अन् तुले कळते?"

मी बोटांनी ओट्यावर ठोकलं, कॅसेटमधला माणूस ठोकतो तसं, तो थांबतो तिथं थांबून. बाई काही म्हणणार होत्या, पण त्यांचा हात आपोआप वर गेला. मी संपवेपर्यंत तो खाली आला नाही.

मग म्हणाल्या, "पैसे भरून द्यायचे. महिन्याले पाच."

माफ करतील वाटलं होतं. फार राग आला. पण दुसऱ्या दिवशी झाडू ठेवते तर खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडलेली.

"बस. बाजू संपू दे."

पुढं बाईंची बदली झाली. जाताना तुटकी कॅसेट डबीसकट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पाच राह्यले. विसरू नको."

"तुटकीचे पैसे घेते का कोणी?" शेजारीण मला म्हणाली.

मी मनात हसले. तिच्याकडून बाईंनी कधी काही मागितलं नव्हतं, ना पैसे, ना बाजू संपेपर्यंत गप्प बसणं.

शेवटचे पाच मनीऑर्डरनं पाठवले. पंधरा दिवसांनी पोच आली, खाली बाईंची सही. माझ्या घरी टेप नाही. पोच घडी करून कॅसेटच्या डबीत ठेवली. पैसे सगळे फिटले.