रंगरावची टाच

"हात दोन, पाय दोन, ठोके छान. पुढचं देवाचं!" असं म्हणून डॉक्टरकाकू सोनोग्राफीचा पडदा आपल्याकडे वळवून घेत. नॉटिंगहॅमला तुमच्यापैकी कुणी पोटावर ते गारेगार जेल लावून घेतलं असेल, तर हे वाक्य तुमच्याही कानांवर पडलं असेल.

इथे मुलगा की मुलगी हे विचारलं की सांगतात. त्यात चोरीचं काही नाही, लोक त्यावर पार्ट्या करतात. पण मी विचारलं तेव्हा काकू उठल्या, नर्सला "यू टेल हर, प्लीज" म्हणाल्या आणि चक्क बाहेर निघून गेल्या. "काय विक्षिप्त बाई आहे," मी नवऱ्याला म्हटलं. पुढे आम्ही त्यांच्याच गल्लीत घर घेतलं, आणि या विक्षिप्त बाईच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर माझं मत जरा मवाळ झालं.

तेव्हा बाहेर निघून जाण्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, मटार सोलताना. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, नोकरी नवी असताना, एका सासूला त्या सहज बोलून गेल्या होत्या, मुलगी दिसतेय म्हणून.

"सून पुढच्या तपासणीला आलीच नाही गं. नंतर समजलं, पोट पाडून आणलं होतं. तेव्हापासून सांगणं सोडलं. मग बघणंही सुटलं. डोळाच जात नाही तिकडे."

मी मटार सोलत राहिले.

काका रिटायर झाले आणि त्यांनी शॅमेलिऑन पाळला. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा सरडा. डोक्यावर तुरा दिसला म्हणून काकांनी कोंबड्याच्या हिशेबाने त्याला नर ठरवलं आणि नाव ठेवलं रंगराव. काकू कडाडल्या, "माणसं काय कमी रंग बदलतात, म्हणून हे ध्यान घरात आणलंत?" पण आठवड्याभरात चिमट्याने नाकतोडे त्याच भरवू लागल्या. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी विचारलं, "नक्की नरच ना हो?" काकूंनी ठरलेलं उत्तर दिलं. "खातोय, पितोय, डोळे स्वच्छ. पुढचं देवाचं."

मग काका गेले. बागेतून आत आले, खुर्चीत बसले आणि गेले. मूलबाळ नव्हतं. तेरावा झाल्यावर काकू मला म्हणाल्या, "या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारा आता हा एकच." हे त्या रडत म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्या वसंतात रंगरावने खाणं सोडलं. एरवी फांदीवरून न हलणारा प्राणी पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालू लागला, कोपरे खरवडू लागला. हिरव्या अंगावर पिवळे-निळे ठिपके आले. काकूंनी काकांचा स्वेटर पिंजऱ्याशेजारी ठेवला.

"अगं, ही इज ग्रीव्हिंग. ह्यांना शोधतोय तो."

मलाही ते खरंच वाटलं. दुःखात बुडालेल्या घरात दुसरं काय सुचणार? पण तो दिवसेंदिवस सुकत चालला आणि पोट तेवढं फुगत गेलं, तेव्हा मी त्यांच्याच सोफ्यावर बसून फोनवर वाचू लागले. या जातीच्या नराला अंड्यातून बाहेर येतानाच मागच्या पायांच्या टाचेवर बोथट काट्यासारखा उंचवटा असतो. मादीला नसतो. मादी नराशिवायही अंडी धरते, आणि ती पुरायला खोल, ओलसर माती मिळाली नाही तर अंडी आतच अडकतात.

मी पिंजऱ्याशी वाकले. दोन्ही टाचा गुळगुळीत होत्या.

"काकू, ही मादी आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवीच दिली होती. मग हात आत घालून त्यांनी तिला तळव्यावर घेतलं आणि पोटावरून दोन बोटं फिरवली. ती बोटं जागच्या जागी थांबली.

"भरलीय गं ही. पूर्ण दिवस भरलेत." आणि मग ओरडल्याच, "माती आण! वाळू आण! उभी काय राहिलीस?"

मी दुकानातून वाळूचं पोतं आणलं. वाळू बादलीत भिजवून तिला त्यावर ठेवलं. तिने पुढच्या पायांनी थोडं उकरलं आणि तिथेच डोकं टेकलं. काकू बादलीशी गुडघ्यांवर बसून तिला विनवत होत्या, "कर गं, माझी बाई, थोडं कर." उभं आयुष्य बायकांना हेच सांगत आलेली बाई ती.

अशा प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडच्या मुलीने 'डक' ही इथली लाडाची हाक घालून प्रेमाने विचारलं, "बॉय ऑर गर्ल, डक?" काकूंनी फोन घट्ट धरला. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

"गर्ल," त्या म्हणाल्या. "शी इज अ गर्ल. प्लीज हरी."

ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आली नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणखी आधी आणायला हवं होतं. काकूंनी मान हलवली, त्यांना ते नवीन नव्हतं. ती एका खोक्यात आणि अंडी दुसऱ्या डबीत, असं त्यांनी आमच्या हाती दिलं.

त्या घरात आता दुसरे लोक राहतात. काकू त्याच वर्षीच्या थंडीत गेल्या. पण डोळ्यांपुढे येतो तो खोक्याचाच दिवस. पाऊस भुरभुरत होता आणि काकू बागेत मातीत बसून खुरप्याने खणत होत्या.

"अंड्यांत जीव नव्हता, काकू," मी म्हटलं.

"मला माहितीय. तिला कुठे माहीत होतं? ती जागा शोधत होती, आणि मी स्वेटर ठेवला."

खड्डा केव्हाच पुरेसा झाला होता. काकूंनी खुरपं टाकलं, कोपरापर्यंत हात आत घातला, तळाची माती मुठीत दाबून ओली आहे ना ते पाहिलं, आणि पुन्हा खुरपं उचललं.